कुशीवर

नेरूळ ते वाशी म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे. पण नवरात्रातल्या अष्टमीच्या सकाळी गिरजाबाईला तेवढा रस्ताही सरता सरेना. बसमध्ये बसायला जागा मिळाली तरी ती बाकाच्या टोकावरच बसली, पुढं सरकून बसलं की बस लवकर पोचते असा काही तिचा समज असावा. मांडीवर देवीच्या ओटीची पिशवी होती आणि पदराच्या टोकाला एक गाठ. गाठीत कागदात गुंडाळलेल्या गोळ्या. ती गाठ तिनं वाटेत इतक्यांदा चाचपली की शेजारच्या बाईनं आपली पर्स उचलून दुसऱ्या बाजूला घेतली.

लेकीचं, पुतळाचं, लग्न उन्हाळ्यात झालं होतं. जावई हिरामण ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात कायम झालेला. वाशीगावात घर स्वतःचं, जमिनी सिडकोत गेल्यावर आलेल्या पैशातून वर स्लॅब पडलेला. सासू बयाबाई तोंडाची फटकळ, पण हाताची सढळ. कुठल्याही आईनं देवापुढं साखर ठेवावी असं स्थळ, आणि गिरजाबाईनंही ती ठेवली होती. फक्त एक गोष्ट तिनं त्या लोकांच्या कानावर घातली नव्हती, आणि तीच गोष्ट तिला सुखाचा घास गिळू देत नव्हती. पुतळाला फिट यायची.

पहिली फिट आली तेव्हा पोर बारा वर्षांची होती. मिठागराच्या बांधावर आईची भाकरी घेऊन आली आणि उभ्याची आडवी झाली. त्या दिवशी गिरजाबाईनं जे जे करू नये ते सगळं केलं. चप्पल हुंगवली, कांदा फोडून नाकाला लावला, मुठीत चाव्यांचा जुडगा कोंबला. दातखीळ उघडायला विळ्याची मूठ घातली, त्यात पुढचा दात अर्धा तुटला. वर तोंडात पाणी ओतलं. ते पाणी श्वासात गेलं आणि पोर काळीनिळी पडली. फिटनं नव्हे, आईच्या मायेनंच ती त्या दिवशी मरायची.

पुढं वाशीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "फिट आपली आपण थांबते, बाई," त्या म्हणाल्या. "तोवर तू तिला तुझ्या हातांपासून वाचव." मग त्यांनी नर्सला टेबलावर आडवं निजवून दाखवलं. असं कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ बाहेर पडते आणि श्वास मोकळा राहतो. डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं. तोंडात काही म्हणता काही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी करून दवाखाना गाठायचा. आणि गोळी रोजच्या रोज. मध्येच बंद केली तर फिट दुप्पट जोरानं येते, हे त्यांनी दोनदा बजावलं.

गोळ्या सुरू झाल्या आणि फिटा थांबल्या. लग्नाचं विचारायला गेली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खुशाल कर, पण त्या लोकांना आधी सांग. गिरजाबाईनं मान डोलावली आणि घरी येऊन गप्प बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची. नवरा गेलेला, पोरगी एकुलती, आणि फिटवाली म्हटल्यावर दारात कुत्रंही उभं राहिलं नसतं. रुळली की सांगू, असं तिनं स्वतःला समजावलं. पोरगी रुळली, पण आईच्या तोंडून काही शब्द फुटेना.

मग गोळ्या पोचवायची युक्तीही तिचीच. पंधरवड्याला ती सोड्यांचा डबा घेऊन यायची. वर सुकवलेली सोललेली कोळंबी, खाली प्लास्टिकच्या पिशवीत गोळ्या. सासरी सोड्यांच्या डब्यात हात घालणारं दुसरं कोणी नव्हतं, कारण स्वयंपाक नव्या सुनेकडं. बयाबाई चेष्टा करायची, "विहीनबाय, आमचे वाशीला सोडे भेटत नाय काय?" गिरजाबाई हसायची. त्या हसण्यानं तिचे गाल दुखायचे.

नवरात्रात मात्र ही युक्ती तिच्यावरच उलटली.

बयाबाईचं घर अष्टमीला धुऊन पुसून लख्ख होतं. देव्हाऱ्यात घट, घटावर आठवी माळ, शेजारी अखंड दिवा. माणसांची ये-जा चाललेली. गिरजाबाई ओटी ठेवून नमस्काराला वाकली न वाकली तोच तिचं लक्ष पुतळाकडं गेलं. पोरीचे डोळे खोल गेले होते, ओठ सुकून पांढरे पडले होते. तिनं लेकीला स्वयंपाकघरात नेलं.

"गोल्या घेतंस ना?"

पुतळानं दाराकडं बघितलं. "डब्यान राहिल्या, आये."

"डब्यान मंजे?"

"घट बसाचे आदले दिशी सासूआत्यांनी मासलीचा सगला उचलला. सोडे, जवला, तवा, कालथा, सगला मागचे खोलीन टाकला आन् कुलूप लावला. चावी त्यांचे कमरंला. आता मी कसा सांगू, नवरात्रान मना सोड्यांचा डबा पायजे?"

खरंच, कसं सांगणार? देवीच्या नऊ दिवसांत मासळीचा वाससुद्धा उंबऱ्याच्या आत चालत नाही, हे काय गिरजाबाईला ठाऊक नव्हतं? तिच्या स्वतःच्या घरी तेच तर चालत आलेलं. लाजेपायी गोळ्या लपवायला जगातली दुसरी एक जागा तिला सुचली नव्हती.

"रातची निजतंस तरी काय?"

"दिवा राखाचा असतो. पयल्या वर्सी नवी सून राखते."

उपास, जागरण आणि घट बसल्यापासून गोळीचा पत्ता नाही. गिरजाबाईनं पदराची गाठ सोडली. "आत्ता घे. माझे समोर घे."

"आये, कलस देवलान जाय परयंत पानी पन नाय घ्याचा."

"बिनपान्याची गील."

पुतळानं हात पुढं केला, आणि दारात बयाबाई उभी राहिली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, कमरेला चाव्यांचा जुडगा. "काय गो विहीनबाय, उपासाचे पोरीला काय भरवताव?"

गिरजाबाईची मूठ मिटली. बयाबाई हसून बोलली होती, तिच्या मनात काही नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं. "काय नाय," गिरजाबाई म्हणाली, "सुपारी खाव का इचारत व्हती." तेवढ्यात बाहेरून ढोल वाजला, बायका आत शिरल्या आणि पुतळाच्या डोक्यावर पाण्यानं भरलेला पितळेचा कळस चढला. वर आंब्याची पानं, त्यावर नारळ.

देऊळ गावाच्या खाडीकडच्या टोकाला. एरवी विडी संपायच्या आत माणूस पोचेल. पण मिरवणूक ती मिरवणूक, दर दारात थांबणार, दर दारात ओवाळणी. दसऱ्याच्या आधीचं ऊन डोक्यावर. एका बाजूला गावची कौलं आणि दुसऱ्या बाजूला सेक्टरच्या नव्या इमारती, त्यांच्या गॅलऱ्यांतून लोक वाकून बघत होते. गिरजाबाई लेकीच्या इतकी लगटून चालली होती की दोन बायकांनी तिला कोपरानं ढकललं. "वायच मोकला चालू द्या ना तिला!" गिरजाबाईला ऐकूच आलं नाही. तिचं सगळं चित्त पुतळाच्या डाव्या हाताकडं लागलेलं. फिट यायची असली की त्या हाताचा अंगठा आधी आत वळायचा. तो सरळ होता. पुढच्या दारापाशीही सरळ होता. गिरजाबाई मनातल्या मनात देवीला म्हणत होती, आये, एवढं देऊळ येऊ दे, कळस खाली उतरू दे, मग माझं काय करायचं ते कर. आणि लगेच दुसरं मन म्हणत होतं, बाई गं, तू कुठल्या तोंडानं मागतेस?

देवळाच्या अंगणात ढोलांचा नुसता कहर झाला. धुपाचा धूर डोळ्यांत जात होता. रिवाजाप्रमाणे बयाबाईच्या अंगात आलं. ते दरसाल यायचं, आणि सवयीचं असल्यामुळं जरा बेतानंच यायचं. आधी ढोलाला मान डोलायची, मग लुगड्याचा काष्टा नीट खोचला जायचा, मग केस सुटायचे. भगत गोटीराम तांब्या घेऊन हजर, बायका पाया पडायला रांगेत. सगळं शिस्तीत चाललं होतं.

पुतळाच्या हाताचा अंगठा आत वळला.

गिरजाबाई पुढं झेपावली. पुतळाच्या घशातून एक आवाज निघाला, रडण्याचा नाही की हाक मारण्याचा नाही, आणि पोरगी लाकडासारखी ताठ होऊन कोसळली. कळस फरशीवर आदळून गडगडत गेला. तिचं डोकं मात्र आईच्या हातावर पडलं, फरशीवर नाही. मग सगळं अंग झटके देऊ लागलं.

"आई आयली!" कोणीतरी ओरडलं. "नवे सुनेचे अंगान आई आयली!"

क्षणात अंगण उसळलं. ढोलवाल्यांना वाटलं आता खरं काम आलं, त्यांनी दुप्पट जोर लावला. बायका धावल्या, कोणी हळद-कुंकू टाकलं, कोणी पाय धरले. बयाबाईच्या अंगातली देवी कधी निघून गेली ते कोणाला कळलंसुद्धा नाही. ती सुनेपाशी आली तेव्हा तिचा चेहरा फुलून आला होता. आपल्या मागून देवीनं आपलीच सून पसंत केली, याहून मोठा मान कुठला?

आणि गिरजाबाईला, लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या त्या बाईला, एकदम उमगलं की आपली सुटका झाली. आता काही लपवायला नको. यापुढं जेव्हा केव्हा फिट येईल तेव्हा गाव हात जोडील. पोरीला कोणी टाकून देणार नाही, उलट पाटावर बसवतील. फक्त तोंड मिटून बसायचं, आणि तोंड मिटून बसायची तर तिला सवयच होती. खोटं कशाला बोलू, तिला मोह झाला. तेवढा एक श्वास तिनं काही केलं नाही.

पण पुतळा उताणी होती. तोंडाला फेस आला होता, त्यात रक्त होतं, आणि घशात घरघर लागली होती. दोघी बायकांनी देवीचे म्हणून तिचे हात दाबून धरले होते.

गिरजाबाईनं आधी मधला मार्ग काढून बघितला. "मागं सरा!" ती ओरडली. "देवीला वारा द्या! हात नका धरू, आईला राग येल! कुशीवर होव द्या तिला!"

"तुमाला काय कलतं, विहीनबाय?" गोटीराम म्हणाला. तो काही वाईट माणूस नव्हता. आज्यापासून चालत आलेलं काम तो मन लावून करत होता. "आई तहानेली हाय. तीर्थ मागतेय बघा. बयाबाय, तोंड उघरा."

बयाबाईनं भक्तिभावानं सुनेच्या जबड्याला हात घातला. गोटीरामानं तांब्या वाकवला. पाण्याची पहिली धार पुतळाच्या ओठांवर पडली. तिच्या ओठांवरचा रंग उतरत चालला होता.

गिरजाबाईनं तांब्याला असा फटका मारला की तो देवळाच्या पायरीवर जाऊन आपटला.

"देवी नाय ही!" तिच्या तोंडून शब्द निघाले ते ढोलांच्या वर निघाले. "फिट हाय! माझे पोरीला फिट येते! बारा वर्सांची व्हती तवापासना येते! सोरा तिला, मरल ती!"

एक ढोल थांबला, मग दुसरा. हात धरलेल्या बायकांनी चटका बसावा तसे हात काढून घेतले. गिरजाबाईनं कोणाकडं बघितलं नाही. तिनं लेकीचा पलीकडचा गुडघा उभा केला, खांद्याला धरून तिला आपल्या बाजूनं कुशीवर वळवलं, तोंड जमिनीकडं केलं. फेस, लाळ, तीर्थ, रक्त सगळं फरशीवर ओघळलं. गळ्यातली माळ आणि पोलक्याचं वरचं बटण तिनं सोडलं. मग नुसता पाठीवर हात ठेवून ती बसली. पुतळाचं अंग झटके देतच होतं. आता त्या झटक्यांना थांबवायचं नव्हतं, फक्त सोबत करायची होती, आणि तेच सगळ्यात कठीण.

गर्दीला गप्प बसवेना. आता देवी नाही म्हटल्यावर ज्या बाईनं हळद वाहिली होती तिनंच अंगणाबाहेरची चप्पल उचलून आणली. "हुंगवा, हुंगवा तिला!" घडीपूर्वी त्याच पोरीच्या पायांवर तिचं डोकं होतं. चप्पल नाकाजवळ आली तसा मध्येच एक हात आला आणि ती दूर फेकली गेली. हिरामण होता. तो गर्दीतून वाट काढत आला होता आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"काय करू?" त्यानं सासूला विचारलं. "काय करू ते सांगा."

"डोक्याखाली काय तरी दे. आन् मानसा मागं सार."

त्यानं खांद्यावरचं उपरणं घडी करून बायकोच्या डोक्याखाली सरकवलं. मग उठला, हात पसरले आणि लोकांना मागं रेटत गेला. गोटीरामालासुद्धा त्यानं रेटलं.

झटके कमी झाले. मग लांब लांब झाले. मग थांबले. पुतळानं एक मोठा, घोरल्यासारखा श्वास घेतला. ओठांवर हळूहळू रंग परतला. गिरजाबाईनं तेव्हा कुठं मान वर केली, तर समोर बयाबाई उभी.

"तुमी फशीवला आमाला," बयाबाई म्हणाली. आवाज चढवला नव्हता, त्यामुळं तो जास्तच लागला.

"व्हय," गिरजाबाई म्हणाली. "फशीवला."

"माझा एकुलता एक पोर."

"डागदरीन बोललेली, सांग म्हनून. मी नाय सांगला. पोरीचा दोस नाय त्यान. मीच तिला गप बसाला लावला."

"दवापानी?"

"गोल्या हाईत. त्या घेतल्या तं फिट येत नाय. घट बसल्यापासना पोटान नाय गेल्या."

"कनाला नाय गेल्या?"

गिरजाबाईनं तिच्या कमरेकडं बघितलं. "तुमचे मागचे खोलीन हाईत. सोड्यांचे डब्यान."

बयाबाईचा हात आपोआप चाव्यांच्या जुडग्यावर गेला आणि तिथंच राहिला. पंधरवड्याला येणारा तो डबा तिच्या डोळ्यांपुढून गेला असावा, कारण तिचा चेहरा आधी रागानं लाल झाला आणि मग काहीसा ओशाळला. मान गेला होता, देवी गेली होती, चारचौघांत नाक कापलं गेलं होतं. तिला काहीतरी तोडून बोलायचं होतं. गिरजाबाई ते ऐकायला तयार होऊन बसली होती. लेकीला आजच घेऊन जा, असं बयाबाई म्हणाली असती तर गिरजाबाईनं तिथल्या तिथं तिला पाठीवर घेतलं असतं.

तेवढ्यात पुतळा हलली.

तिनं डोळे उघडले, पण नजर कुठं ठरत नव्हती. फिट उतरली की तिला बराच वेळ काही कळायचं नाही, आपण कुठं आहोत, दिवस आहे की रात्र. कोणीतरी पाणी आणलं. "नगो," गिरजाबाई म्हणाली. "चांगली जागी झाल्याबिगर पानी नगो." पुतळा हातानं जमीन चाचपत होती. कपाळावरून कुंकू ओघळलेलं, लुगडं गुडघ्यावर गेलेलं, हनुवटीला रक्त. तिला वाटलं असावं की ती नेरूळच्या घरात आहे आणि जवळ फक्त आई आहे.

"आये," ती बोबडं बोलली, जीभ चावली गेली होती. "मना आयलेली काय?"

"व्हय, बाय."

पोरीचे डोळे भरून आले. तिनं हात पुढं करून जे कोणाचं लुगडं हाताला लागलं ते घट्ट धरलं. ते हिरवं होतं.

"वाशीला कोनाला कलला नाय ना, आये? त्यांचे घरान कोनाला?"

आयुष्यभर खोटं निभावून नेलेल्या गिरजाबाईला नेमकं आत्ता, गरजेच्या वेळी, एक खोटं जमेना. तिला नुसता हुंदका आला.

बयाबाई खाली बसली. गुडघे दुखत होते म्हणून जरा आधार घेत बसली. तिनं सुनेचं लुगडं गुडघ्यांवरून खाली ओढून नीट केलं आणि आपल्या पदरानं तिच्या हनुवटीचं रक्त पुसलं.

"कोनाला नाय कलला," ती म्हणाली. "कोनीच नाय व्हतं. तू निज."

भोवती अख्खं वाशीगाव उभं होतं, आणि एकाच्याही तोंडून ब्र निघाला नाही.